छावणीची शिस्त आणि खेळाडूचा सदरा

गोल्फच्या मैदानावर येणाऱ्या खेळाडूने कॉलरचा सदरा घालावा, तो विजारीत खोचलेला असावा, जीन्स, बिनकॉलरचा टी-शर्ट किंवा चपला घालून मैदानात पाऊल ठेवू नये, अशा आशयाचे नियम भारतातील बहुतेक गोल्फ क्लबांत आढळतात आणि ते खेळाइतकेच जुने असावेत असे सहसा गृहीत धरले जाते. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. आपल्याकडे पोशाखाची ही शिस्त लष्करी मेस, वसाहतकालीन दरबार आणि साहेबांचे जिमखाने यांच्या वाटेने मैदानावर आली. ती वाट तपासण्यास पुण्याजवळच्या खडकीसारखे सोयीचे स्थळ दुसरे क्वचितच सापडेल, कारण येथे लष्कराची छावणी, दारूगोळ्याचा कारखाना, गव्हर्नरचा बंगला आणि कामगारांच्या मुलांची मैदाने ही सारी एकमेकांच्या शेजारी वाढली.

रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे पेशव्यांच्या दरबारी राहणारा कंपनी सरकारचा वकील, याने १ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांची फौज गारपिराच्या तळावरून खडकीस हलवली, आणि ५ नोव्हेंबरला तो स्वतः संगमावरील रेसिडेन्सी सोडून त्या फौजेत दाखल होताच खडकीच्या माळावर लढाई जुंपली. त्याच दिवशी रेसिडेन्सी जाळली गेली, मराठ्यांकडून सरदार मोरोपंत दीक्षित पडले आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचा हल्ला निष्फळ ठरला. पेशव्यांच्याच खर्चाने उभी केलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली पाश्चात्त्य कवायत शिकलेली दापोडीची पलटण त्या दिवशी फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात वारंवार सांगितली गेली आहे. पगार पेशव्यांचा आणि निष्ठा कवायतीच्या शिक्षकांकडे, असा तो प्रकार होता. पेशवाई बुडाल्यानंतर खडकी कायमची छावणी झाली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, १८६० च्या दशकात मुंबई सॅपर्सचा, म्हणजे पूल, रस्ते व सुरुंग यांचे काम करणाऱ्या अभियंता पलटणींचा, मुक्काम खडकीत आला आणि १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. याच सुमारास, १८६४ ते १८७१ या काळात, शेजारच्या गणेशखिंडीत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा पावसाळी निवास बांधला गेला, ज्याच्या इमारतीत पुढे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाचा संसार थाटला गेला.

ज्या समाजात सत्ता नवी असते आणि तिला आपली प्रतिष्ठा रोजच्या व्यवहारात सिद्ध करावी लागते, तेथे पोशाख ही किरकोळ बाब राहत नाही. इंग्रजी अमलात पोशाखाचा झगडा सर्वांत आधी पायताणावरून पेटला. एतद्देशीय रिवाजाप्रमाणे बैठकीत जोडे बाहेर काढून जाणे ही सभ्यता होती आणि साहेबाच्या रिवाजाप्रमाणे बूट घालूनच आत जाणे ही सभ्यता होती. परंतु साहेबाने हिंदी माणसाकडून मात्र हिंदी रिवाजाचीच अपेक्षा ठेवली, कारण अनवाणी उभ्या माणसासमोर बुटातील माणूस आपोआप वरचढ दिसतो. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने विलायती पद्धतीचे बूट व मोजे घातलेल्या हिंदी गृहस्थांना सरकारी समारंभात पादत्राणांसह येण्यास मुभा दिली, तरी तंटा मिटला नाही. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एन्टी या पारशी गृहस्थास जोडे काढण्यास सांगण्यात आले आणि त्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा हा प्रश्न मुंबई इलाख्यात गाजला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सवलत मिळाली ती विलायती बुटाला, देशी जोड्याला नव्हे. म्हणजे प्रवेशाचा हक्क माणसाला मिळण्याऐवजी त्याच्या पायातल्या वस्तूला मिळाला. पुढे क्लबांच्या दारावर जे नियम लागले त्यांचे सारे व्याकरण या एका सवलतीत सापडते.

छावणीत या व्याकरणाला रोजचा सराव मिळाला. मेस म्हणजे अधिकाऱ्यांचे सामाईक भोजनगृह व बैठक. तेथे संध्याकाळच्या जेवणासाठी आखूड जाकिटाचा वेगळा गणवेश असे, आणि नोकरीबाहेरच्या वेळी घालावयाच्या साध्या कपड्यांनाही, ज्यांना लष्करी बोलीत मुफ्ती म्हणत, ठरीव रूप असे. दिवसाच्या कामासाठी मात्र हे लष्कर व्यवहारी होते: लाल डगला हिंदुस्थानच्या उन्हात व धुळीत निरुपयोगी ठरतो हे कळल्यावर खाकी हळूहळू रूढ होत गेली आणि १८८५ च्या सुमारास हिंदी लष्कराने ती अधिकृतपणे स्वीकारली. जेथे कपड्याचा संबंध कामाशी होता तेथे नियम बदलला, आणि जेथे तो केवळ दर्जाशी होता तेथे तो टिकला. हा भेद पुढील सर्व चर्चेत उपयोगी पडणारा आहे. जिमखान्यांचे सभासद बव्हंशी हेच अधिकारी आणि मुलकी साहेब असल्यामुळे मेसची सवय मैदानाच्या कट्ट्यावर आली, यात नवल नाही. पुण्याच्या छावणीतील साहेबांनी खेळांच्या नियमांवर मेहनतही घेतली होती. बॅडमिंटनला आरंभी ‘पूना’ असेच नाव होते, आणि त्याचे पहिले लिखित नियम १८७० च्या दशकात पुण्यात तयार झाले. इंग्रजी करमणुकीच्या इतिहासात पुण्याचे हे स्थान पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते.

आता गोल्फच्या स्वतःच्या इतिहासाकडे वळता येईल. एडिंबरोच्या गोल्फरांनी १७४४ मध्ये लीथच्या मैदानावरील स्पर्धेसाठी जे तेरा नियम लिहिले, ते या खेळाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने नियम मानले जातात. त्यांत चेंडू कोठून मारावा, तो पाण्यात पडल्यास काय करावे, वाटेत आलेल्या अडथळ्याचे काय करावे हे आहे, पण कपड्यांविषयी एक अक्षरही नाही. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत काही क्लबांनी लाल डगला सक्तीचा केला, परंतु त्यामागे एक व्यवहारी कारणही होते. स्कॉटलंडमधील समुद्रकाठची वालुकामय माळराने आणि लंडनजवळची गायराने ही सार्वजनिक जमीन होती, तेथे मेंढ्या चरत, धोबिणी कपडे वाळवत, माणसे फिरायला येत, आणि टणक चेंडू उडवणारा माणूस लांबून दिसावा म्हणून तो लाल रंग उपयोगी पडे. विंबल्डन कॉमन या सार्वजनिक गायरानावर खेळणाऱ्यांना आजही लाल सदरा किंवा स्वेटर घालावा लागतो, आणि त्याचे कारण आजही तेच आहे. थोडक्यात, लाल रंगाची ही सक्ती इतरांना खेळाडूपासून जपण्यासाठी होती. खेळ सार्वजनिक माळावरून कुंपणाआड गेला तसे नियमाचे काम पालटले आणि कपडे आतल्या लोकांना बाहेरच्यांपासून वेगळे दाखवू लागले.

परंपरा म्हणून जे आज सांगितले जाते तेही वारंवार बदललेले आहे. सातव्या एडवर्डच्या काळातील गोल्फर लोकरी कोट, टाय आणि गुडघ्याखाली बांधलेली ढगळ विजार घालून खेळत. ती विजार प्लस-फोर या नावाने १९२० च्या दशकात मिरवली आणि नंतर जवळजवळ नाहीशी झाली. स्त्रियांचे घोळदार झगे वाऱ्याने उडून चेंडू दिसेनासा होई, म्हणून त्यांवर गुडघ्याजवळ चढवण्याचा एक लवचिक पट्टाही प्रचारात आला होता. झग्याची लांबी कमी करण्याऐवजी त्याला पट्टा बांधण्याची कल्पना सुचावी, यावरून रूढीची ताकद कळते. १९३३ मध्ये ग्लोरिया मिनोप्रिओ ही इंग्लंडच्या स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजार घालून उतरली तेव्हा आयोजकांनी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. आणि ज्या कॉलरच्या मऊ सुती टी-शर्टाला आज सभ्यतेचे प्रमाणपत्र समजले जाते, तो रने लाकोस्त या टेनिसपटूने १९२० च्या दशकात लांब बाह्यांच्या, कडक इस्त्रीच्या सदऱ्याविरुद्ध केलेल्या सुधारणेतून आला. एका पिढीने केलेली सूट तिसऱ्या पिढीने सक्ती म्हणून जपली, असा हा उलटा प्रवास आहे.

हिंदुस्थानात गोल्फ लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. पुण्यात पूना क्लबचे गोल्फ मैदान येरवड्यास आहे, म्हणजे खडकीहून मुळेच्या काठाने खाली उतरून संगम ओलांडल्यावर पलीकडच्या तीरावर. मुंबईतील भायखळा क्लब आणि यॉट क्लब यांची दारे हिंदी माणसाला बंद असल्याने गव्हर्नर विलिंग्डन याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात दोन्ही समाजांसाठी विलिंग्डन क्लब काढला, आणि तेथेही गोल्फचे मैदान झाले. वर्णाची अट गेली तिथे वस्त्राची अट उरली, आणि त्याच विलिंग्डन क्लबात १९८८ साली चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी असल्याकारणाने प्रवेश नाकारण्यात आला. ज्या संस्थेचा जन्म एका बहिष्काराला उत्तर म्हणून झाला होता, तिने सुरतेच्या न्यायालयातील तंटा उलट्या दिशेने पुन्हा मांडावा, यातील विसंगती क्लबाच्या व्यवस्थापनाला त्या वेळी खुपल्याचे दिसत नाही.

या सर्व काळात खडकीच्या कारखान्याभोवती खेळाचा दुसरा एक इतिहास घडत होता, आणि तो कपड्यांच्या टंचाईचा होता. पळवणकर बाळू, हिंदी क्रिकेटमधील पहिला थोर डावखुरा फिरकी गोलंदाज, हा चर्मकार कुटुंबातला. त्याचे वडील लष्कराच्या आश्रयाला होते आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील त्यांच्या नोकरीचा उल्लेख चरित्रकारांनी केला आहे. बाळू व त्याचा भाऊ शिवराम यांनी सुरुवात केली ती अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर. पुण्यातील पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे काम त्याने महिना तीन रुपयांवर केले. १८९२ च्या सुमारास साहेबांच्या क्लबात त्याला चार रुपये मिळू लागले. तेथे सरावाच्या जाळीत जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज आपणास बाद केल्याबद्दल त्याला आठ आणे देई, मात्र बाळूला स्वतः फलंदाजी करण्याची संधी कधी मिळाली नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, तरी चहा त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात देण्यात येत असे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात बाळूने सर्व सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. त्याला मैदानाच्या आत आणणारी गोष्ट त्याची बोटे होती. गोऱ्यांच्या क्लबात तो नोकराच्या वेशात गेला म्हणून त्याचा प्रवेश कोणाला खटकला नाही, आणि सभासदाच्या वेशात तो गेला असता तर नक्कीच खटकला असता. पोशाखाचा नियम माणसाला ओळखण्यासाठी असतो असे म्हटले, तर येथे तो चोख काम करत होता.

पुण्यातीलच दुसरे उदाहरण १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे आहे. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी १९१९ च्या सुमारास तेथील वार्षिक शर्यतीत शेतकरी वर्गातील धावपटू अनवाणी धावताना पाहिले, त्यांच्या वेळांची तुलना युरोपीय धावपटूंशी करता आली आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्याची कल्पना मूर्त झाली. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले आणि पैलवान रणधीर शिंदे यांना चौथे स्थान मिळाले. हिंदुस्थानचा ऑलिंपिकमधील पहिला संघ हा, असे पाहिले तर, पायांत बूट नसणाऱ्यांच्या शर्यतीतून निघाला. त्या शर्यतीत कोणी पादत्राणांची अट घातली असती तर दोराबजींना पाहण्यासारखे फारसे काही उरले नसते.

तिसरे उदाहरण पुन्हा कारखान्याच्या वसाहतीतील, हॉकीपटू धनराज पिल्लै यांचे. १६ जुलै १९६८ रोजी खडकीत जन्मलेल्या धनराज यांचे वडील तेथील मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी होते, आणि धनराज व त्यांचे भाऊ यांचे पहिले हॉकी मोडक्या काठ्या बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन वसाहतीच्या मऊ मातीवर झाले. १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील कर्णधार म्हणून सुवर्णपदक, एवढा हा आलेख. खडकीने बाळू आणि धनराज यांना सुमारे शंभर वर्षांच्या अंतराने घडवले आणि दोघांची सुरुवात इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंनी झाली, हे साम्य योगायोगाचे मानण्याचे कारण नाही. लष्करी उद्योगाने वसवलेल्या वस्तीत मैदान मोफत होते आणि ते मोफत असल्यामुळेच तेथे पोशाख विचारला गेला नाही.

गोल्फचे मैदान या चित्रात वेगळे ठरते ते खर्चामुळे आणि जमिनीमुळे. अठरा खड्ड्यांच्या मैदानाला दीडशे एकरांच्या आसपास जागा व अखंड पाणी लागते, म्हणून ते एकतर धनिकांच्या क्लबाकडे असते किंवा सरकारच्या जमिनीवर. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या घटनात्मक यंत्रणेने, संरक्षण खात्याच्या जमिनींविषयीच्या २०११ च्या अहवालात नोंदवले की लष्कर व हवाई दलाची ९७ गोल्फ मैदाने सुमारे ८,०७६ एकर संरक्षण जमिनीवर आहेत, आणि त्यांतील कारभार खासगी संस्थेच्या स्वरूपात चालवून बाहेरच्यांकडूनही शुल्क घेतले जाते. यानंतर अशा काही मैदानांची नावे बदलून ती पर्यावरण उद्याने व प्रशिक्षण क्षेत्रे म्हटली जाऊ लागली, हा सरकारी शब्दसंपत्तीतील एक मनोरंजक प्रकार होय. प्रश्न असा की ज्या जमिनीचा मालक सारा देश आहे, तिच्यावरील फलकाने साडी, धोतर, लुंगी किंवा चपला यांना दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार कोठून आणला.

या प्रश्नाला अलीकडे काही उत्तरे मिळाली आहेत. २०१४ च्या जुलैमध्ये चेन्नईत तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात धोतर नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याच वर्षी तमिळनाडूच्या विधानसभेने भारतीय पारंपरिक पोशाखावरून क्लबात प्रवेश नाकारण्यास मनाई करणारा कायदा केला आणि त्यात परवाना रद्द करण्याची तरतूदही ठेवली. २०१७ मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबात मेघालयाचा पारंपरिक जैनसेम नेसून भोजनास आलेल्या स्त्रीला ती मोलकरीण दिसते असे सांगून उठवण्यात आले. तेथे खेळाचा संबंधही नव्हता. खुद्द सैन्यदलांतही बदल घडतो आहे: २०२४ च्या फेब्रुवारीत नौदलाने आपल्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा व बिनबाह्यांचे जाकीट यांस परवानगी दिली. मेस, जेथे या शिस्तीचे मूळ आहे, तेथेच ती सैल व्हावी आणि नागरी क्लबांनी मात्र ती आवळून धरावी, हे विचित्र वाटले तरी अनपेक्षित नाही. अनुकरण करणारा मूळ माणसापेक्षा नेहमीच अधिक कडक असतो. महाराष्ट्रात तमिळनाडूसारखा कायदा झालेला नाही.

पोशाखाच्या सर्वच नियमांना एका मापाने मोजणे मात्र चुकीचे ठरेल, कारण त्यांतील काहींना सबळ कारण आहे. पायात योग्य बूट असणे हिरवळीच्या रक्षणासाठी, आणि उतरणीवर घसरू नये म्हणूनही, गरजेचे असते. पूर्वी बुटांना धातूचे खिळे असत, त्यांनी हिरवळीवर खाचा पडतात हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात मऊ प्लॅस्टिकच्या खुट्या आल्या आणि बऱ्याच मैदानांनी धातूचे खिळे बंदच केले. हा नियम समजण्याजोगा आहे, कारण तो न पाळल्यास होणारे नुकसान दाखवता येते. कॉलरच्या बाबतीत असे नुकसान दाखवता येत नाही. समर्थक सांगतात की एकच वेश सर्वांना समान करतो. परंतु गोल्फचा तयार वेश आणि बूट विकत घेण्यासाठी जो खर्च येतो तो पाहता ही समानता आधीच सधन असलेल्यांपुरती राहते, आणि कॅडी, म्हणजे खेळाडूचे दांडे वाहून नेणारा माणूस, त्याच गवतावर वेगळा गणवेश घालून चालत असताना तिचा उच्चार करणे अवघडच. युरोपीय व्यावसायिक दौऱ्याने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या दौऱ्याने २०१९ मध्ये सरावाच्या दिवशी अर्ध्या विजारींना मुभा दिली, त्यामुळे खेळाला काही झाले नाही. जागतिक नियमावलीत २०१९ मध्ये ३४ नियमांचे २४ झाले, २०२३ मध्ये अपंग खेळाडूंसाठीच्या नियमासह २५ झाले. त्यांत पोशाखाला एकही नियम दिलेला नाही, स्थानिक समितीला आचारसंहिता ठरवण्याची मुभा तेवढी आहे.

तेव्हा जबाबदारी समितीवर येते, आणि खडकी परिसरातील इतिहासाचा विचार करता समितीने कोणती बाजू घ्यावी हे ठरवणे अवघड नाही. पायाला हिरवळीस इजा न करणारे बूट, अंगावर चेंडू मारताना अडथळा न होणारे कोणतेही नीटनेटके कपडे, आणि साडी, धोतर, सलवार किंवा पगडी यांस खुली मोकळीक, एवढे नियम मराठीतही लिहून फलकावर लावावेत. त्यापलीकडच्या अटीसाठी, विशेषतः संरक्षण खात्याच्या जमिनीवर, कारण लेखी देण्याचे बंधन असावे, आणि ज्या अटीचे कारण लिहिता येत नाही ती रद्द समजली जावी.